दोनदा वाढलेलं सूप

पाठीमागे आपलं नाव निघालं की कुणीही थबकतं. नतेला थबकली ती मात्र नावामुळे नाही, सुपामुळे. तळघरातल्या त्या बारमध्ये कोट अडकवायच्या खुंट्या एका जाड पडद्याआड होत्या. कार्निव्हलचे दिवस, त्यात शनिवार, म्हणजे एकेका खुंटीवर पाच-सहा कोट चढलेले, आणि त्यांच्या खालून ती स्वतःचा कोट उपसून काढत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बालनाट्याचा प्रयोग होता, कपडेपटात सकाळीच इस्त्रीला उभं राहायचं होतं, म्हणून ती लवकर निघाली होती. लवकर म्हणजे इथल्या मानानं. पडद्यापलीकडे लांब टेबलाशी नाट्यगृहाची सगळी मंडळी हेरिंग मासे, खारवलेल्या काकड्या आणि व्होडकाचे बुटके पेले यांच्याभोवती दाटीवाटीनं बसली होती, आणि राइमुंड बोलत होता. राइमुंड बोलायला लागला की दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हे पोलंडमधल्या या ओपोले शहरात कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. साठीला टेकलेला हा माणूस नाट्यगृहातले दिवे सांभाळतो, दुसऱ्यांवर उजेड पाडायचं काम. पण रात्री बारमध्ये तो सगळा उजेड स्वतःवर घेतो आणि कुणाची तक्रार नसते. नतेलाचीही कधी नव्हती. त्याच्या विनोदांना तिनं मनापासून हसून घेतलं होतं. याच टेबलाशी कोपरात कोपर अडकवून त्यानं तिच्याबरोबर पेला रिकामा केला होता, आता आपण भाऊ-बहीण, मला अरे-तुरे कर म्हणाला होता. ते तिला कधी जमलं नाही, ती गोष्ट वेगळी.

"दार उघडतो तर काय," राइमुंड सांगत होता, "ही नतेला उभी. नाक लाल, हातात टॉवेलात बांधलेली थाळी. मला विचारते, 'ताट रिकामं आहे का?'" हे वाक्य त्यानं तिच्या आवाजात म्हटलं, घशातून खरवडून काढलेल्या तिच्या 'क'सकट, आणि टेबल हसलं. मग त्यानं आवाज खाली आणला. हसवून झालं की गळा दाटून आणायचा, ही त्याची रीत तिला पाठ होती. "मी म्हटलं, पोरी, ते ताट तुझीच वाट बघतंय. ये आत." कुणीतरी नाक ओढलं; नवी आलेली ती पोरगेली नटी असावी. आणि मग ओतिलियाचा, राइमुंडच्या बायकोचा, मऊ, धापा टाकणारा आवाज आला. "सूप दोनदा घेतलं बिचारीनं. मीच वाढलं." टेबलावर पेले वाजले. हेच आपलं पोलंड, असं कुणीसं म्हणालं आणि सगळे प्याले.

नतेला कुणाच्या तरी ओलसर लोकरी कोटात तोंड खुपसून उभी होती. कोटाला सिगरेटचा आणि कुत्र्याचा वास येत होता. ती त्या दारातून आत गेलीच नव्हती. राइमुंडच्या घरातलं जेवणाचं टेबल गोल आहे की चौकोनी, हे तिला आजही माहीत नव्हतं. तरी त्या क्षणी तिच्या जिभेवर बीटाच्या सुपाची आंबटगोड चव आली, त्यातल्या कानाएवढ्या करंज्यांमधलं अळंब्यांचं सारण दाताखाली आलं, आणि ती इतकी घाबरली की हातात येईल तो कोट घेऊन जिना चढून वर आली. तो तिचाच निघाला, हे नशीब.

आठ वर्षांपूर्वी ती जॉर्जियातल्या कुतायसीहून आली तेव्हा तिला इथली भाषा मोडकीतोडकी येत होती आणि सुई मात्र पक्की येत होती. नाट्यगृहानं नदीकाठच्या एका जुन्या इमारतीत खोली दिली. त्याच जिन्यानं दोन मजले वर गेलं की राइमुंड आणि ओतिलिया. डिसेंबरात कॅन्टीनमध्ये बसून राइमुंडनं तिला सगळं समजावलं होतं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं, टेबलाच्या चादरीखाली वाळलेलं गवत पसरायचं, बारा पदार्थ करायचे, त्यात मांस नको, आणि एक ताट जास्तीचं मांडायचं, अवचित येणाऱ्यासाठी. वाटसरू असेल, परका असेल, प्रत्यक्ष देव असेल. त्या रात्री कुणाला दारातून परत पाठवायचं नाही. सांगताना त्याचे डोळे भरले होते. ते ताट घरोघरी मांडतात आणि जेवणं झाली की घरोघरी ते तसंच कोरडं उचलून कपाटात ठेवतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते कुणी बोलून दाखवत नाही. आणि जे इथल्या पोरांना ठाऊक असतं ते परक्या बाईला कोण सांगणार? नतेलाच्या गावी नाताळ जुन्या पंचांगानं जानेवारीत येतो, पण पाहुण्याला तिथे बारमाही देवानं धाडलेला म्हणतात, आणि तो खरोखरीच येतो, जेवतो, गातो, एकेकदा आठवडाभर हलायचं नाव घेत नाही. तिनं ते ताट खरं मानलं. दुसरं काय मानणार?

त्या संध्याकाळी बस बंद, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. खोलीतल्या दुसऱ्या दोघी आपापल्या गावी गेलेल्या. तिनं सकाळपासून वांगी तळून, त्यात अक्रोडाचं वाटण भरून, वर डाळिंबाचे दाणे टाकून थाळी सजवली होती; मांस नको म्हणून मुद्दाम हेच केलं होतं. खिडकीशी उभं राहून तिनं चांदणीची वाट पाहिली. ढग होते, चांदणी काही दिसली नाही. मग समोरच्या खिडक्यांतले दिवे लागले तशी ती निघाली. दार राइमुंडनंच उघडलं. गळ्याशी रुमाल खोचलेला, मागे पिवळा उजेड, तळलेल्या माशाचा वास, माणसांची कुजबुज. ताट रिकामं आहे का, असं तिनं विचारलं, हे खरं. ते वाक्य कॅन्टीनमधल्या बाईकडून घोकून घेतलेलं होतं, तेही खरं. राइमुंडचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग हसरा झाला. "अगं, आज घरचीच माणसं आहेत गं," तो म्हणाला. "आणि तुमचा नाताळ तर जानेवारीत असतो ना?" मग त्याची नजर थाळीवर गेली. हे आमच्यासाठी, वा, वा, असं म्हणून त्यानं ती तिच्या हातातून घेतली, खांद्यानं दार लोटलं, आणि दार पुरतं लागायच्या आत आतून ओतिलियाचा आवाज आला, कोण आहे म्हणून. "कुणी नाही," राइमुंड म्हणाला. "थाळी द्यायला आलं होतं." जिन्यातला दिवा आपोआप विझतो तसा विझला. बटण तिच्या हाताशीच होतं, पण तिनं ते दाबलं नाही. अंधारात, टॉवेल हातात धरून, आतल्या काट्या-चमच्यांचे आवाज ऐकत ती किती वेळ उभी होती कोण जाणे. दोन दिवसांनी थाळी तिच्या दाराशी आली, स्वच्छ धुतलेली, त्यात खसखशीच्या केकचा एक तुकडा.

जिन्यावरच्या त्याच रात्री आईचा फोन आला होता. जेवलीस का, हा आयांचा एकच प्रश्न. जेवले, असं नतेला म्हणाली, आणि एकदा म्हटल्यावर पुढचं आपोआप आलं. त्यांनी मला मधोमध बसवलं, बीटाचं सूप होतं, मासा होता, खसखस होती, घरच्या बाईनं स्वतः वाढलं. कॅन्टीनमध्ये ऐकलेले बाराच्या बारा पदार्थ तिनं आईला वाढले. आई फोनवर रडली. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत सांगून आली, आणि पुढे जिवंत होती तोवर दर रविवारी चर्चमध्ये दोन अनोळखी माणसांच्या नावानं मेणबत्त्या लावत राहिली. राइमुंड हे नाव तिला नीट उच्चारता येत नसे, पण मेणबत्ती जळायची. आई गेली तेव्हा ते खोटं बरोबर घेऊन गेली, बरं झालं, असं नतेलाला वाटलं होतं. ते खोटं तिचं होतं. एका म्हातारीला झोप लागावी म्हणून तिनं ते स्वतःच्या अपमानातून कातरून शिवलं होतं. आणि आता हा माणूस अगदी त्याच मापाचं खोटं घालून बारमध्ये मिरवत होता.

घरी येऊन ती कोटासकट पलंगावर बसली, आणि आठ वर्षांतल्या कितीतरी बारीकसारीक गोष्टी एकेक करून उजेडात यायला लागल्या. कॅन्टीनची बाई सूप वाढताना डोळा मारून म्हणायची, दोनदा वाढू ना? नतेला हसायची, कारण सगळे हसायचे. दिग्दर्शक एकदा म्हणाले होते, तू तर आमच्याच ताटात जेवलेली. तिला वाटलं होतं, इथली बोलायची पद्धत असेल. नव्या माणसाशी ओळख करून देताना लोक तिच्याकडे ज्या ओल्या नजरेनं बघायचे, ती नजर तिनं माया म्हणून घेतली होती. कुठे भांडण झालं, तिनं आवाज चढवला, की समोरचा जरा दुखावल्यासारखा व्हायचा, एवढं केलं हिच्यासाठी आणि ही अशी. ती आपल्या सुईवर, आपल्या कामावर इथे उभी राहिली असं तिला वाटत होतं. तसं नव्हतं. ती राइमुंडच्या सुपावर उभी होती. त्या रात्री दारातून परत पाठवलं, त्याचा राग तिनं केव्हाच गिळला होता. माणूस गडबडतो, घरी सासरचे असतात, होतं. पण परत पाठवून वर आत बसवल्याचं पुण्य घ्यायचं, आणि बायकोकडून सूप वाढून घ्यायचं, हे गिळायला तिचा घसा लहान होता.

तिला सूड हवा होता. हे तिनं स्वतःशी अगदी याच शब्दात म्हटलं, आरशासमोर, दात घासताना, आणि म्हटल्यावर तिला बरं वाटलं. पुढचे दहा-बारा दिवस ती कपडेपटात शिवण शिवत होती आणि मनात त्याला शिवत होती. कधी त्याला नदीवरच्या पुलावर नागडा उभा करायची, कधी त्याच्या दारात थाळ्यांची चळत रचायची, कधी फक्त त्याचा आवाज बसवायची. तो टेबलाशी तोंड उघडतोय आणि घशातून हवा येतेय, सगळे वाट बघताहेत. हे शेवटचं तिला फार आवडायचं, बटणं लावताना ती ते पुन्हा पुन्हा लावून बघायची. सरळ तोंडावर सांगावं, तर काय होणार? राइमुंड हात पसरून म्हणणार, अगं पोरी, विसरलीस का? आणि दहा माणसं म्हणणार, हो हो, आम्ही तर किती वर्षं ऐकतोय. खरं एकटीचं होतं आणि खोट्याला साक्षीदार होते. वाईट म्हणजे तिचा स्वतःचाच साक्षीदार डळमळत होता. रात्री डोळे मिटले की ते दार आता निराळंच उघडायला लागलं होतं. पिवळ्या उजेडात एक पांढरं टेबल दिसायचं, ओतिलिया पळी घेऊन उभी असायची, आणि नतेला बसायची, वाटी पुढे करायची. त्या जिन्यावरची अंधारी रात्र एवढीच इथे तिची स्वतःची मालमत्ता होती, आणि तीही कुणीतरी हळूहळू धुऊन, केकचा तुकडा ठेवून परत करत होतं. आता बोललो नाही तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत आपणही सूप प्यायल्याचं मान्य करून बसू, हे तिला दिसत होतं. बोललो तर हे टेबल गेलं, शनिवार गेले, कोपरात कोपर गेलं, हेही दिसत होतं. चाळिशी उलटलेल्या बाईला दुसऱ्या गावात नवी माणसं पुन्हा जोडायची म्हणजे काय, ते तिला चांगलं माहीत होतं.

वाट तिला एका वाद्यानं दाखवली. ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी इथे कार्निव्हलला निरोप देतात, आणि या भागात तो निरोप म्हणजे डबल बेस नावाच्या अजस्र व्हायोलिनची अंत्ययात्रा. आता चाळीस दिवस नाच नाही, गाणं नाही, म्हणून माणसाच्या उंचीचं ते वाद्य फळीवर आडवं घालायचं, पांढऱ्या चादरीनं झाकायचं, मेणबत्त्या लावायच्या, आणि खोटा पाद्री त्याच्यापुढे उभा राहून वर्षभरातली सगळ्यांची पापं वाचून दाखवतो. कोण कुणाच्या बायकोबरोबर दिसलं, कोण पिऊन नदीत पडलं. ज्याचं नाव निघेल त्यानं रागवायचं नाही, हसून पेला रिकामा करायचा. चिडला तो हरला. मग बेसची विधवा छाती पिटून रडते, आणि बाराच्या ठोक्याला सगळं चिडीचूप. पाद्री अर्थातच राइमुंड. विधवा दर वर्षी लुत्सियान व्हायचा, नाटकात पडद्याआडून वाक्यं पुरवणारा, दाढीमिशीवाला धिप्पाड माणूस. तो घागऱ्याचं माप द्यायला कपडेपटात आला तेव्हा नतेलानं टेप गळ्यातून काढलीच नाही.

"या वर्षी विधवा मी होते," ती म्हणाली.

"तू?" लुत्सियान हसला. "बाई गं, विधवा बाप्यानंच व्हायचं असतं. घुंगटाखालून मिशी दिसली पाहिजे, नाहीतर हसणार कोण? माझ्या पोटावर पाय आणू नकोस."

"रडून दाखवते. मग सांग."

तिच्या एका मावशीला कुतायसीत लोक मयताच्या घरी रडायला बोलावून नेत. मावशी कुणाची कुणी नसायची, पण उंबऱ्याशी उभी राहून गेलेल्याला हाक मारायची, त्यानं काय केलं, काय करायचं राहिलं, कुणी त्याला छळलं, सगळं नाव घेऊन सुरात सांगायची, आणि ज्याचं नाव निघे तो मान खाली घाली. नतेलानं लहानपणी ते दारामागून ऐकलं होतं, कधी करून पाहिलं नव्हतं. कपडेपटातल्या टांगलेल्या कपड्यांमध्ये उभी राहून तिनं एकच ओळ घेतली, आणि लुत्सियाननं हातातला चहाचा पेला इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. हे जरा जास्तच खरं होतंय, असं तो थोड्या वेळानं म्हणाला. मग मान हलवून म्हणाला की ठीक आहे, तूच हो विधवा, पण गमतीत घे हं. राइमुंडला कळलं तेव्हा त्याला कोण आनंद. मुद्दाम खाली येऊन त्यानं तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आता तू खरी आमची झालीस म्हणाला, आणि कुठे थांबायचं, लोक हसत असताना कसं बोलायचं नाही, याचे धडेही दिले. तिनं ते नीट लक्ष देऊन ऐकले. त्याचा काळा झगाही तिनंच शिवला, काठ उलटून दुहेरी टाके घालून. कामात हयगय करणं तिच्या रक्तात नव्हतं.

मंगळवारी तळघर फुटायला आलं होतं. हेरिंगच्या बशा, रताळ्यासारख्या जाड मेणबत्त्या, घामानं ओल्या भिंती. नतेला काळ्या कपड्यात नाचली, लुत्सियानबरोबर, दिग्दर्शकांबरोबर, एकदा ओतिलियाबरोबरसुद्धा. ओतिलियाला धाप लागली तशी तिला खुर्चीत बसवून पाणी दिलं. ओतिलियाचा तळवा उबदार आणि ओलसर होता. या बाईवर आपला राग आहे का, हे नतेलानं नाचता नाचता स्वतःला विचारलं, आणि आहे असं उत्तर आलं, जरा कमी, पण आहे. वाढलं म्हणून खोटं सांगायला कुणी हात धरला नव्हता हिचा. शेवटचा पोल्का नाच झाला, बेस आडवा झाला, आणि राइमुंड झगा सावरत त्याच्यापुढच्या बाकावर चढला. तो रंगात होता. दिग्दर्शकांचं नवं गवत उगवलेलं टक्कल, कॅन्टीनच्या बाईच्या सुपातलं पाणी, लुत्सियानच्या झोपा, कुणाला सोडलं नाही. बादलीत केरसुणी बुडवून तो पापं धुतल्यासारखं सगळ्यांवर पाणी शिंपडत होता आणि लोक हसून हसून एकमेकांवर पडत होते. नतेलाचं नाव त्यानं घेतलं नाही. तिच्या खात्यावर पापच नव्हतं. होतं ते सगळं त्याचं पुण्य.

मग विधवा पुढे झाली. आधी तिनं लोकांना हवं ते दिलं. अरे माझ्या लाकडाच्या धन्या, पोट एवढं मोठं आणि आत नुसती हवा, तुझ्याशिवाय मला कोण कवटाळणार, असं म्हणत ती चादरीवर पडली आणि तळघर खदखदलं. राइमुंडनं कौतुकानं मान डोलावली. मग तिनं डोक्यावरचं काळं वस्त्र मागे सारलं आणि मावशीच्या सुरात, हळू, एकेक शब्द ओढत म्हणायला लागली. "तू गेलास रे धन्या, आता मी कुणाच्या दारात जाऊ? एका दारात गेले होते मी. ताट मांडलं होतं. थाळी घेऊन गेले होते." आणि इथे तिनं सूर सोडला आणि बोलली. "अगं, आज घरचीच माणसं आहेत गं. आणि तुमचा नाताळ तर जानेवारीत असतो ना?" आठ वर्षं घासूनही जिचा घशातला 'क' गेला नव्हता, तिच्या तोंडून राइमुंड बाहेर पडला होता, शब्दांच्या त्याच्या लांबवलेल्या शेवटांसकट, त्या हसऱ्या कोरड्या आवाजासकट. नक्कल इतकी बेमालूम होती की आधी टाळ्याच पडल्या. ती थांबली. लोक हसत असताना बोलायचं नाही. "थाळी घेतली रे माझ्या हातातली, आणि दार लावलं. आतून बायको विचारते, कोण आहे. आणि हा सांगतो," पुन्हा तोच आवाज, "कुणी नाही. थाळी द्यायला आलं होतं."

हसू एकदम गेलं नाही. ते मागच्या टेबलांवर थोडा वेळ चालू राहिलं, मग तिथल्या लोकांनी पुढे पाहिलं आणि तेही थांबले. नव्या नटीनं शेजारच्याला म्हणजे काय, म्हणजे ती आत गेलीच नव्हती, असं विचारलेलं सगळ्यांना ऐकू गेलं. माणसं राइमुंडकडे बघत होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो कोरेपणा आला होता, तोच, दारातला. नतेलानं तो डोळे भरून पाहिला. असा आनंद तिला इथे आल्यापासून झाला नव्हता, आणि तो चांगला आनंद नाही हे माहीत असूनही तिनं तो सोडला नाही. "पण मी तर वाढलं होतं," ओतिलिया खुर्चीतून म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. आपल्या हातांकडे बघत होती, पळी कुठे गेली ते शोधत असल्यासारखी.

पण राइमुंड काही आज जन्मलेला नव्हता. कोरा चेहरा क्षणभरच टिकला. त्यानं केरसुणी बादलीत टाकली, बाकावरून उतरला, तिच्यापुढे दोन्ही गुडघ्यांवर बसला आणि प्रार्थनेत पिटतात तशी मुठीनं छाती पिटली. "मी पापी," तो पाद्र्याच्या सुरात गायला, "मी पापी, मी महापापी." तळघरानं श्वास सोडला. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, सुटल्यासारखे, काही डोळे पुसत. कबूल केलं की नाटक केलं, हे कुणाला कळलं नाही आणि कुणाला कळून घ्यायचंही नव्हतं. राइमुंडनं दोन्ही हात रुंद पसरले. "क्षमा कर, विधवाबाई," तो म्हणाला, आणि आता त्याचा गळा खरंच दाटला होता, त्याला तो केव्हाही दाटवता यायचा. इथल्या लग्नांत लोक चुंबनासाठी नवरानवरीच्या मागे लागतात तसे पेले टेबलावर आपटायला लागले. मिठी, मिठी. लुत्सियान रडत होता. नतेलाला पुढचा कार्निव्हल स्पष्ट ऐकू आला. तेच टेबल, तेच हेरिंग, राइमुंड सांगतोय. आणि मग मी गुडघ्यावर बसलो, सगळ्या गावादेखत, आणि ही पोरगी माझ्या गळ्यात पडली. मग जरा थांबायचं. मग ओतिलिया काहीतरी भर घालणार. नवी नटी तोवर जुनी झालेली असेल, दुसरी कुणी नाक ओढेल. तिला दारात उभी करून पुण्य घेतलं होतं. आता तिच्या सुडातूनही हा आपलंच एक ताट वाढून घेणार होता. एक पाऊल पुढे टाकलं की तिचे शनिवार तिचे होते, टेबल तिचं होतं, आणि सगळं तळघर आपलं माणूस म्हणून तिला उचलून घ्यायला तयार उभं होतं.

बाराचे ठोके पडले तसे पेले थांबले.

"नाही," नतेला म्हणाली. सूर न लावता, स्वतःच्या आवाजात, घशातल्या 'क'सकट जे होतं त्यात. "मी त्या रात्री आत आले नव्हते. आणि आज मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पुढच्या वर्षी सांगाल ना राइमुंड, तेव्हा हे दोन्ही सांगा. शेवट बदलू नका."

बाकीच्या रात्रींसारखी रात्र असती तर कुणीतरी पटकन एखादी धून वाजवून वेळ मारून नेली असती, पण उपास लागला होता, आता ईस्टरपर्यंत कुणी तारेला बोट लावणार नव्हतं. ओतिलिया उठायला बघत होती आणि तिला उठता येत नव्हतं. राइमुंड अजून गुडघ्यांवरच होता, हात तसेच पसरलेले, आणि ते खाली कसे घ्यायचे हे काही केल्या त्याला सुचत नव्हतं.